बी.ए. समाजशास्त्र: पैशाच्या हिशेबाने पुढे काय?

आंबोलीवळण विचारतात:

धाकटी बहीण सिंधुदुर्गात मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे. मेजर (मुख्य विषय) समाजशास्त्र. मायनर (दुय्यम विषय) अजून बदलून मिळेल असं ऑफिस म्हणतंय. घरात काकांचं टुमणं चालू आहे की हे सोड आणि नर्सिंग धर. तिला पुढे एम.ए. करायचंय, पण मुंबईत खोलीभाडं आणि मेस दोन वर्षं भरायची म्हणजे आंब्याचं एक अख्खं साल गेलं. या पदवीमुळे पगारात फरक पडतो का? समाजशास्त्र नावानिशी मागणाऱ्या जागा कुठल्या? धीर देणारी उत्तरं नकोत, आकडे असतील तर सांगा.

---

खाडीपलीकडे:

तलाठी, एमपीएससी, बँक, बहुतेक कारकुनी जागा, सगळीकडे पात्रता 'कोणत्याही शाखेची पदवी'. तिथे समाजशास्त्र, इतिहास, मराठी सगळे एकाच भावाचे. म्हणजे नुसत्या बी.ए.ला विषयाचे जादा पैसे मिळत नाहीत, हे आधी धरून चला.

विषय नावानिशी येतो ती ठळक जागा म्हणजे अंगणवाड्यांवरची पर्यवेक्षिका, जिल्हा परिषदेची. फक्त महिलांसाठी. पात्रतेच्या रकान्यात समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण अशी यादी असते. २०२३ च्या भरतीत वेतनस्तर एस-१३ होता, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० पासून. महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. हिशेबाला ५० टक्के धरा. ३५,४०० अधिक १७,७००, गावातला घरभाडे भत्ता १० टक्क्यांनी ३,५४०, बेरीज ५६,६४०. त्यातून एनपीएसचे (निवृत्तिवेतन योजनेचे) १० टक्के (मूळ अधिक महागाई, म्हणजे ५३,१०० वर) ५,३१० आणि व्यवसाय कर २०० जातात. हातात साधारण ५१,१३०. मुंबईत बारा हजारांची खोली घेऊन एवढे हातात राहायला तिथे किती पगार लागेल ते तुम्हीच काढा.

अडतं कुठे? जागा दरवर्षी निघत नाहीत आणि निघाल्या तरी जिल्ह्यात मोजक्याच. त्या भरतीत परीक्षा १०० प्रश्न, २०० गुणांची होती. ४५ टक्क्यांखाली गुणवत्ता यादीत नावच नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेला निकाल लागलेला असावा लागतो. "सहाव्या सत्राचा निकाल येईलच" म्हणून भरलेले अर्ज कागदपत्र पडताळणीत उडतात. पदवी प्रमाणपत्रावर नुसतंच बी.ए. छापलेलं असेल तर सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका न्यायच्या, विषय तिथे दिसतो.

त्याच भरतीत ग्रामसेवकाच्या पात्रतेत मात्र बी.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदवी) होती, बी.ए. समाजशास्त्र नाही. बारावीला ६० टक्के असतील तर त्यावर अर्ज करता येत होता. नावं जवळची असली तरी कागदावर या दोन पदव्या वेगळ्या आहेत.

---

फळा_खडू:

मायनर बदलता येत असेल तर आजच ठरवा, कारण शिक्षकी पेशाचं दार तिथेच उघडतं किंवा बंद होतं. दहावीपर्यंत समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही, तो अकरावी-बारावीला येतो. बी.एड.ला अध्यापन पद्धतीसाठी शाळेत शिकवला जाणारा विषय लागतो: मराठी, इंग्रजी, इतिहास, भूगोल. मायनर मानसशास्त्र घेतलं की एम.ए. बी.एड. होऊनही फक्त कनिष्ठ महाविद्यालयाच्याच जागा उरतात, आणि आपल्याकडे कला शाखेच्या तुकड्यांची अवस्था ठाऊक आहे.

पैसे: पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला २०,०००. त्यानंतर वेतनश्रेणी. भरती सरकारच्या 'पवित्र' या शिक्षक भरती पोर्टलवरून. त्यासाठी टेट (TAIT, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) द्यावी लागते: २०० प्रश्न, २ तास. तिथे समाजशास्त्र विचारत नाहीत, बुद्धिमत्ता आणि अभियोग्यता विचारतात.

---

तासिका_तत्त्व:

एम.ए.चं बोलायचं तर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापक पात्रता परीक्षा धरूनच बोला. कायम सहाय्यक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. आकडा छान आहे, पण कायम जागा निघेपर्यंत लोक तासिकेवर असतात. तिथे घेतलेल्या तासिकेचेच पैसे. दिवाळी, मे महिना, परीक्षेचे आठवडे कोरडे, आणि बिल निघायला महिनेच्या महिने. एका कॉलेजच्या तासिकांवर घर चालेल असं समजू नका.

म्हणून नेटमध्ये जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) काढायचा प्रयत्न करावा. पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००. फेलोशिपचं पत्र ३ वर्षं चालतं, तेवढ्यात पीएच.डी.ला प्रवेश हवा. वयाची अट ३०, महिलांना ५ वर्षं सवलत. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, मिळून ३०० गुण, चुकीला दंड नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नेट इंग्रजी-हिंदीत, सेटची प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि तिला वयोमर्यादा नाही, पण सेटवर फेलोशिप नाही.

मुंबईच्या खर्चाला तोड आहे. नवीन शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष ऑनर्सचं केलं की एम.ए. एका वर्षाचं होतं. ऑनर्सला ७५ टक्के असतील तर एम.ए. न करताही जेआरएफसाठी बसता येतं. प्राध्यापकपदासाठी मात्र एम.ए. हवंच. कॉलेजात चौथं वर्ष सुरू आहे का ते आधी विचारा, प्रत्येक ठिकाणी नसतं.

(विषयाला नाकं मुरडणाऱ्या काकांना सांगा, मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा आणि तो पुढे नावारूपाला आणणारे गो. स. घुर्ये मालवणचे.)

---

आंबोलीवळण:

काकांना घुर्ये सांगून बघतो, ते "त्येंका पगार किती व्हतो" विचारतील. सरकारी सोडून काही आहे का? सर्वेक्षणाची कामं येतात म्हणे.

---

रापण:

येतात, आणि इथे शिकलेला विषय खरंच कामी येतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आहे, ६ महिन्यांत पुरं करायचं. (हायवेचं संपादन १९५६ च्या वेगळ्या कायद्याखाली होतं, तिथे ते लागत नाही. सगळ्या प्रकल्पांत काम मिळेल असं धरू नका.)

नवखा माणूस सातबारा समोर ठेवून घरं मोजतो. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस सहहिस्सेदार, त्यातले पंचवीस मुंबईत, आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याचं नाव भलत्याच रकान्यात किंवा कुठेच नाही. कायद्यातलं 'बाधित कुटुंब' मालकापुरतं नाही. संपादनाआधी तीन वर्षं ज्यांची उपजीविका त्या जागेवर होती ते कूळ, शेतमजूर, मच्छीमार, होडीवालेही त्यात येतात. किनाऱ्यावर मासळी सुकवणारी बाई, बागेत राखणीला राहणारा नेपाळी, यांच्याकडे सातबारा नसतो. त्यांना शोधून, तीन वर्षांचा पुरावा काय चालेल ते पाहून नोंदवणं हे समाजशास्त्रवाल्याचं काम.

पैसे मात्र प्रकल्पापुरते. काम घेण्याआधी विचारायचं: दर दिवसाचा की फॉर्ममागे? बंद घराचे पैसे किती? फेरतपासणीत फॉर्म नाकारला तर परत जायचं भाडं कोणाचं? फॉर्ममागे दर बहुधा सपाटीच्या गावावरून ठरतो. आपल्या वाड्या डोंगरात विखुरलेल्या, निम्म्या घरांना कुलूप. दिवसाला आठ फॉर्म कागदावर, हातात चार.

बहिणीने आत्ता शिकायचं ते कोबोटूलबॉक्समध्ये (सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर) फॉर्म बनवणं आणि एक्सेलमध्ये पिव्होट टेबल. दोन्ही फी न भरता शिकता येतं. प्रश्नावली विचारणाऱ्यापेक्षा ती बनवणाऱ्याला आणि डेटा साफ करणाऱ्याला दर जास्त, आणि ते काम घरी बसून होतं.

---

फळा_खडू:

मग मायनर भूगोल घ्या. बी.एड.लाही चालतो, आणि क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) शिकली तर रापण म्हणतात त्या कामातले नकाशेही तिच्याकडेच येतील. मायनर बदलाचा अर्ज विद्यापीठाच्या परीक्षा अर्जाआधी ऑफिसात द्यावा, पोच घेऊन.