बाबांना आतड्याचा कॅन्सर, मला काहीच त्रास नाही. कोलोनोस्कोपी करू का?

प्रश्न: बाबांना ५४व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पोटावर स्टोमाची (शौच बाहेर यायला केलेल्या छिद्राची) पिशवी आहे, केमो चालू आहे. डॉक्टर म्हणतात, तूही कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीच्या नळीने आतड्याची तपासणी, करून घे. मी ४२ चा, पोट अगदी साफ. शौचाच्या तपासणीवर भागणार नाही का? खरं सांगू, त्या नळीचीच धास्ती आहे.

उत्तर १: आईचं निदान झाल्यावर मी केली. आई-वडिलांपैकी कुणाला साठीच्या आत निघाला, तर चाळिशीला किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करतात. म्हणजे तुम्हाला उशीरच झालाय. नळीचं मला आठवतही नाही, झोपेचं इंजेक्शन होतं. खरा वैताग आदल्या रात्रीचा: ते आतडं साफ करायचं खारट औषध, निम्मं रात्री, निम्मं पहाटे, आणि संडासाच्या दाराशी चार्जरसकट मुक्काम. पिवळसर पाणी पडायला लागलं की सुटलात. माझा ८ मिलिमीटरचा पॉलिप (आतड्याच्या आतली छोटी गाठ, पुढे कॅन्सर होऊ शकणारी) निघाला, तिथल्या तिथे कापला. आणि त्रास मलाही काही नव्हता बरं!

उत्तर २: शौचाची तपासणी रक्त शोधते. प्रत्येक पॉलिपमधून रक्त येतंच असं नाही. शिवाय ती पॉझिटिव्ह आली की पुन्हा दुर्बीणच.

उत्तर ३: बाबांची पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, तट्ट फुगली की गळते. सुरुवातीचे काही आठवडे स्टोमाची सूज उतरते, म्हणून पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक दरवेळी मापून कापा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कातडी पार सोलवटली.

प्रश्नकर्ता: गुरुवारची वेळ घेतली. लांब वायरचा चार्जर शोधतोय.