मदत हवी आहे: ल्युकेमियाच्या पेशंटच्या रक्तातला जिवाणू माल्डीवर (प्रथिनांवरून जिवाणू ओळखणारं यंत्र) ओळखू येत नाही. १६एस (जिवाणूचं ओळखीसाठीचं एकच जनुक वाचणं) करावं की पूर्ण जीनोम (सगळा डीएनए)?

गुलाबी_दांडा:
नमस्कार मंडळी. पुण्यातून विचारते आहे. एएमएल (ल्युकेमियाचा एक प्रकार), इंडक्शननंतर (पहिल्या तीव्र केमोनंतर) न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १०० च्या खाली, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू असूनही ताप उतरत नाही. पिक लाइन (हातातून मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि हाताची शीर, दोन्हीकडच्या रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या पॉझिटिव्ह; लाइनची अडीच तास आधी वाजली (यंत्राने वाढ दाखवली). ग्राम निगेटिव्ह दांडे, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, मॅकॉन्की अगारवर वाढ नाही, ब्लड अगारवर फिकट पिवळसर कॉलनी. माल्डीचा स्कोअर १.६२. सिक्वेन्सिंगला बाटलीतलं रक्त पाठवू की कॉलनी?

पेट्रीप्लेट:
सिक्वेन्सिंगच्या आधी वॉर्डला फोन करा. तुम्ही सांगताय ती लक्षणं एलिझाबेथकिंजिया या जिवाणूशी जुळतात. तिच्या जीनोममध्ये मुळातच ब्लाबी आणि गॉब ही कार्बापेनेम (मेरोपेनेमचा औषधगट) तोडणारी एन्झाइमं असतात, म्हणून मेरोपेनेम वाया जातं; कोलिस्टिनचाही उपयोग नसतो. नक्की नाव यायची वाट बघू नका. मिनोसायक्लिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनची एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रव माध्यमात औषध पातळ करत जाऊन) आजच लावा, डिस्कवर (अगारवरच्या औषधाच्या चकतीवर) विसंबू नका. लाइनची बाटली दोन तासांहून जास्त आधी वाजली, तेव्हा उगम लाइनमध्येच असण्याची शक्यता मोठी. ती काढायचं डॉक्टरांशी बोला.

माल्डी पुन्हा करा. १८ ते २४ तासांची ताजी कॉलनी, स्पॉटवर १ मायक्रोलिटर ७० टक्के फॉर्मिक ॲसिड, वाळलं की मग मॅट्रिक्स. १.७ च्या खालचा स्कोअर म्हणजे ओळख पटलेली नाही, पडद्यावर नाव काहीही येवो. जुन्या डेटाबेसवर एलिझाबेथकिंजियाची ॲनोफेलिस ही स्पीशीज हमखास मेनिंगोसेप्टिका या दुसऱ्या स्पीशीजच्या नावाने येते.

पाठवायची ती कॉलनीच. बाटलीतल्या एसपीएसने (रक्त गोठू न देणारं रसायन) पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडतो, आणि ब्रॉथमध्ये मेलेल्या जिवाणूंचा डीएनए आधीपासून असू शकतो. एकट्या कॉलनीवरून दोनदा सबकल्चर करा, दोन्ही बाटल्यांतून वेगवेगळं. मिसळलेलं कल्चर गेलं तर १६एसच्या क्रोमॅटोग्रामला (सिक्वेन्सिंगच्या आलेखाला) दुहेरी शिखरं येतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एक नळी २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवाच.

१६एस मागवताना २७एफ-१४९२आर प्रायमर (जनुकाची दोन टोकं पकडणारे डीएनएचे तुकडे) आणि जवळपास पूर्ण १,५०० बेस मागा. ५०० बेसच्या तुकड्यावर बऱ्याचदा जीनसपर्यंतच गाडी जाते, स्पीशीजपर्यंत नाही. बर्कहोल्डेरिया सिपेशिया गटात तर पूर्ण १६एसही पुरत नाही, तिथे जीनोमच हवा.

गुलाबी_दांडा:
फोन केला, एमआयसी लावली. जीनोम करायचाच झाला तर मागणी काय लिहू? आणि पुण्यात कुठे?

पेट्रीप्लेट:
साधारण ४० लाख बेसचा जीनोम, ५० पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचणं), म्हणजे २० कोटी बेसचा डेटा पुरे. डीएनए क्यूबिट यंत्रावर मोजा. नॅनोड्रॉप यंत्राचा आकडा आरएनएमुळे फुगतो. रिपोर्टमध्ये चेकएम सॉफ्टवेअरने काढलेलं कंटॅमिनेशन (दुसऱ्या जिवाणूच्या डीएनएची भेसळ) ५ टक्क्यांच्या आत आणि टाइप स्ट्रेनशी (त्या स्पीशीजच्या प्रमाण नमुन्याशी) एएनआय (जीनोमचं साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या वर आहे ना, ते स्वतः बघा. प्रतिकाराची जनुकं सापडली तरी एमआयसी सोडू नका. जनुक दिसलं नाही म्हणजे औषध चालेल असा अर्थ होत नाही.

पाषाणला एनसीएमआर (राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र) आहे, शुद्ध कल्चरची १६एस ओळख तिथे होते. रिपोर्ट उपचारासाठी वापरायचा असेल तर कुठल्याही लॅबला तसं आधीच विचारा. स्लँट (तिरप्या अगारवर कल्चर असलेली नळी) पॅराफिल्म लावून तिहेरी पॅकिंगमध्ये न्या. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेला स्लँट कधीकधी उगवतच नाही.

काउंट_शून्य:
एक भर. पुढे कधी बाटली वाजली, ग्रामवर जंतू दिसले आणि प्लेट कोरी राहिली, तर लगेच जीनोमकडे धावू नका. अगारवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसची रेघ ओढून बघा. ॲबिओट्रोफिया आणि ग्रॅन्युलिकॅटेला हे जिवाणू तिच्या कडेनेच उगवतात. तोंडात म्युकोसायटिस (आतल्या आवरणाचा दाह) असेल तर लेप्टोट्रिकिया या जिवाणूसाठी ॲनारोबिक (ऑक्सिजनविना वाढवायची) प्लेट लावा. मग थेट प्लाझ्माचं मेटाजीनोमिक्स (त्यातला सगळा डीएनए वाचणं): ईडीटीए किंवा खास सेल-फ्री डीएनएची नळी, हेपरिन नको, आणि ईडीटीए असेल तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा. ब्लास्ट काउंट (ल्युकेमियाच्या अपक्व पेशींची संख्या) खूप असेल तर फुटलेल्या पेशींच्या मानवी डीएनएत जिवाणू बुडून जातो.

आणि निगेटिव्ह कंट्रोलचा (पेशंटचा नमुना न घालता केलेल्या चाचणीचा) डेटा मागितल्याशिवाय रिपोर्ट घेऊ नका. राल्स्टोनिया हा जिवाणू किटच्या पाण्यातूनही येतो आणि पेशंटच्या लाइनमधूनही. कंट्रोलमध्ये किती रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) आहेत ते पाहिल्याशिवाय दोन्हींत फरक करता येत नाही.