व्हेरियन्स २: सोय की नसती उठाठेव?

धागाकर्ता
एकाच ठिकाणी जायला दोन लिंक, एक १०० एमबीपीएसची, दुसरी ५०ची. ओएसपीएफ हे राउटिंग प्रोटोकॉल (राउटरांनी वाट निवडायची पद्धत) सगळा ट्रॅफिक पहिलीवर ढकलतं. दुसरी ती पडायची वाट बघत बसते. ईआयजीआरपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये ‘व्हेरियन्स २’ (सर्वोत्तम वाटेच्या दुपटीच्या आतल्या वाटाही वापर) एवढं पुरतं. माझ्याकडे पहिल्या वाटेचा मेट्रिक (वाटेचा ‘खर्च’, कमी तितका बरा) ३०७२०, दुसरीचा ५६३२०. दुपटीच्या आत, म्हणून दोन्ही राउटिंग टेबलात. ट्रॅफिक व्यस्त प्रमाणात, साधारण ११:६. लूपची (पॅकेट गोल फिरत राहण्याची) धास्तीही नाही, कारण दुसऱ्या वाटेवरच्या शेजारी राउटरचं तिथपर्यंतचं स्वतःचं अंतर २८१६०, आपल्या ३०७२० पेक्षा कमी. ही अट न पाळणारी वाट व्हेरियन्स १२८ केला तरी आत येत नाही. पैसे मोजून घेतलेली लिंक शोभेला ठेवायची का?

पॅकेटपंत
असहमत. मेट्रिक म्हणजे क्षमता नव्हे. त्यातला डिले (विलंब) कुणी मोजत नाही, इंटरफेसवर लिहिलेला आकडा असतो तो. कुणी बदलला की तुमचं ११:६ गेलं. शिवाय वाटणी फ्लोनुसार, म्हणजे एका सेशनची सगळी पॅकेट एकाच लिंकवर. आमच्याकडे रात्रीचा बॅकअप म्हणजे एकच टीसीपी सेशन. हॅशने (फ्लोला लिंक नेमून देणाऱ्या गणिताने) नेमका ५०च्या लिंकवर टाकला. शंभरची मोकळी, बॅकअप सकाळपर्यंत रखडलेला, आणि सगळे सर्व्हरला शिव्या देतायत.

धागाकर्ता
एका हत्तीएवढ्या फ्लोसाठी पॉलिसी रूट (ठरावीक ट्रॅफिकची वाट हाताने ठरवणारा नियम) लावा की! शेकडो छोटे फ्लो असले की हॅश बरं वाटतो.

उलटा_मार्ग
ओएसपीएफलाही हे जमलं असतं. आरएफसी ५२८६ (२००८) या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजातला लूप-फ्री अल्टरनेट बघा. पर्यायी वाट आधीच काढून ठेवलेली असते, वापरतात मात्र लिंक पडल्यावरच.

पॅकेटपंत
थांबा, लूप-फ्री अल्टरनेट निवडायची अट सैल आहे. शेजारी पॅकेट आपल्याकडे परत पाठवणार नाही, एवढंच ती बघते, तेही तो स्वतःच्या सर्वोत्तम वाटेने जातोय असं धरून. त्यानेही वाटणी सुरू केली आणि त्याचा पर्याय आपणच असलो, तर काही पॅकेट दोघांत टोलवली जातील. वाटणीला ‘शेजारी माझ्यापेक्षा जवळच हवा’ ही कडक अटच लागते.

उलटा_मार्ग
हे मान्य. घाईत लिहिलं.

पॅकेटपंत
आणि मुख्य मुद्दा राहिलाच. दोन्ही मिळून १२० वाहतंय आणि शंभरची तुटली. आता ५०मध्ये १२० कोंबून दाखवा.

धागाकर्ता
तुमच्या एकट्या शंभरवर ९५ वाहताना ती तुटली, तर तुम्ही काय करणार?