समतेचा जाहीरनामा आणि गुलामांची मालकी: अमेरिकेच्या संस्थापकांना विसंगती दिसत नव्हती का?

ऐलतीर:
‘सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत’ हे १७७६ मध्ये लिहिणाऱ्या टॉमस जेफरसनच्या मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. ब्रिटिश संसदेने लादलेल्या करांना हीच मंडळी गुलामगिरी म्हणत होती. ही विसंगती त्यांच्या ध्यानात आली नव्हती, की कळूनही त्यांनी डोळेझाक केली? ‘काळच तसा होता’ या उत्तराने माझे समाधान होत नाही.

दीपमाळ:
आपले समाधान होत नाही ते योग्यच आहे, कारण त्या काळात गुलाम माणसेही जगत होती आणि त्यांचे मत कोणी विचारात घेत नाही. मॅसॅच्युसेट्समधील शेफील्ड गावी १७७३ मध्ये जॉन ॲशलीच्या अध्यक्षतेखाली एक ठराव तयार झाला. माणसे निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत, असे त्यात म्हटले होते. त्याच ॲशलीच्या घरी बेट नावाची स्त्री गुलाम म्हणून राबत होती. तिच्या वकिलाच्या कुटुंबाने नोंदवलेली हकिगत अशी, की मालकिणीने दुसऱ्या मुलीवर तापलेले फावडे उगारले तेव्हा बेटने तो घाव स्वतःच्या हातावर झेलला आणि पुढे तो व्रण तिने कधी झाकला नाही. सर्व माणसे जन्मतः मुक्त व समान आहेत, असे राज्याच्या १७८० च्या घटनेत आले, तेव्हा त्याच आधारावर तिने थिओडोर सेजविक या वकिलामार्फत दाद मागितली. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टन येथे ज्युरीने तिला मुक्त ठरवले आणि ॲशलीला ३० शिलिंग भरपाई द्यायला लावली. पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले.

शिलालेख:
दीपमाळ यांच्याशी मी सहमत आहे, मात्र उत्तरेकडील राज्यांना फार श्रेय देऊ नये. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने त्या दिवशी कोणाचीही बेडी तुटली नाही. नोंदणी झालेले गुलाम गुलामच राहिले आणि त्यांच्या पोटी पुढे जन्मणाऱ्या मुलांनाही वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत मालकाची चाकरी करावी लागणार होती. १७८७ च्या संघराज्याच्या घटनेने तर प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे मोजली. ज्यांना मताचा अधिकार नाही त्यांच्याच संख्येवर मालकांचे राजकीय बळ वाढले, हे मला सर्वांत संतापजनक वाटते.

ऐलतीर:
दोघांचेही आभार. वॉशिंग्टनने मृत्युपत्राद्वारे आपले गुलाम मुक्त केले, असे वाचले आहे. तो अपवाद मानावा का?

शिलालेख:
मृत्युपत्र खरे आहे, पण त्याआधीचे वर्तनही पाहावे. राष्ट्राध्यक्ष असताना तो फिलाडेल्फियात राहत असे आणि तेथे सलग सहा महिने राहिलेल्या गुलामाला मुक्तता मागता येत असल्याने, ती मुदत भरण्याआधीच तो आपल्या गुलामांना राज्याबाहेर पाठवत असे. १७९६ मध्ये ओना जज ही तरुणी तेथून निसटून न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथला पोहोचली. वॉशिंग्टन दांपत्याच्या मृत्यूनंतर मुक्त करण्याचे वचन मिळाल्यास परत येईन, असा तिचा निरोप होता. वॉशिंग्टनने तो लेखी नाकारला. पळून जाणारीला बक्षीस दिल्यासारखे होईल, असे त्याचे म्हणणे होते. मृत्युपत्राचाही तिला उपयोग झाला नाही, कारण ती पत्नी मार्था हिच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेत मोडत होती आणि त्या मालमत्तेतील गुलाम मुक्त करण्याचा हक्क वॉशिंग्टनला नव्हता. १८४८ मध्ये ती मरण पावली, तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरारी गुलामच होती.