लहान चणीचे संमिश्र जातीचे कुत्रे : स्वभाव आणि सांभाळ (अनुभव धागा)

दोन लहान जातींच्या संकरातून जन्मलेले पिल्लू कोणाचे काय उचलेल, हे सांगता येत नाही. एकाच वेतातली भावंडेसुद्धा केसांत, आकारात आणि स्वभावात निराळी निघतात. त्यामुळे जातीच्या नावावरून बांधलेल्या अंदाजांपेक्षा प्रत्यक्ष सांभाळणाऱ्यांची निरीक्षणे मला अधिक मोलाची वाटतात. ती येथे सविस्तर लिहावीत, ही विनंती. आईवडिलांच्या जाती ठाऊक असल्यास त्यांचाही उल्लेख करावा.

* * *

आमची मिठू शिह त्झू आणि पूडल यांच्या संकरातली आहे. तिचे केस घरभर पडत नाहीत हे खरे, परंतु गळलेला केस बाकीच्या केसांतच अडकतो आणि कानांमागे, काखेत, हार्नेसच्या (छातीभोवती बांधायच्या साजाच्या) पट्ट्याखाली त्याचा गुंता होतो. वरवर ब्रश फिरवला तर वरचा थर मऊ दिसतो आणि त्वचेलगत मात्र घट्ट जाळी तयार होत राहते, म्हणून भांग पाडत, कंगवा मुळापर्यंत पोहोचतो आहे ना हे पाहत विंचरावे लागते. हे अंघोळीच्या आधीच करावे, कारण ओला गुंता अधिक आवळतो.

अशा कुत्र्यांची ॲलर्जी होतच नाही, असे सांगून पिल्ले विकली जातात, ते मला मुळीच मान्य नाही. ॲलर्जीला कारणीभूत असलेली प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यातही असतात. माझ्या बहिणीला मिठूजवळ बसल्यावर शिंका येतातच. घरात कोणाला त्रास असेल, तर पिल्लू आणण्यापूर्वी त्या व्यक्तीने त्याच पिल्लासोबत पुरेसा वेळ घालवून पाहावा.

* * *

पॉमेरेनियन आणि चिहुआहुआ यांचा आमचा बंड्या धावताना मध्येच मागचा एक पाय उचलून धरत असे आणि थोड्या वेळाने जणू काही झालेच नाही असा चालू लागे. पशुवैद्यांनी हाताने तपासून गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकत असल्याचे सांगितले. या दोषाच्या चार श्रेणी असतात. बंड्याची पहिली असल्याने शस्त्रक्रिया टळली, पण वजनावर कडक लक्ष ठेवण्यास सांगण्यात आले. चार किलोच्या कुत्र्याचे अर्धा किलो वाढणे म्हणजे मूळ वजनाच्या आठव्या हिश्श्याची भर, हे पाहुण्यांना समजावताना मी थकत नाही! लहान जातींत श्वासनलिका दबण्याची प्रवृत्तीही आढळते, त्यामुळे दोरी गळपट्ट्याला न लावता आम्ही हार्नेसलाच लावतो.

* * *

दातांविषयी थोडेसे. पिल्लाला दुधाचे 28 आणि मोठ्या कुत्र्याला 42 दात असतात, आणि इवल्या जबड्यात त्यांची दाटी होते. आमच्या कुत्रीचे दुधाचे सुळे पडलेच नव्हते. ते नसबंदीच्या वेळी, त्याच भुलीत काढले. रोज दात घासावेत, मात्र माणसांची टूथपेस्ट वापरू नये. तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असल्यास ते कुत्र्यांना विषारी ठरते.

* * *

कुत्रे लहान असले की त्याचे गुरगुरणे कोणी मनावर घेत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आमचा माल्टीज-पूडल कोणीही अचानक उचलले की अंग आक्रसून घेई आणि मग गुरगुरे. गुरगुरणे हा त्याचा इशारा आहे. त्यासाठी रागावले तर इशारा बंद होतो, भीती मात्र तशीच राहते. आता उचलण्याआधी आम्ही ठरलेला शब्द उच्चारतो आणि तो स्वतःहून पुढे आला तरच उचलतो.

* * *

आमची कुत्री कॅव्हेलियरच्या संकरातली असून आता वयस्क आहे. तिच्या हृदयाची झडप गळते. हा विकार कॅव्हेलियर जातीत बराच आढळतो. ती गाढ झोपेत असताना मी मिनिटाभरातले श्वास मोजून वहीत लिहितो. आकडा सातत्याने 30 च्या वर जाऊ लागला की लगेच कळवा, अशी पशुवैद्यांची सूचना आहे, आणि औषधांत बदल करताना ते ही वही आवर्जून पाहतात.