वेचा आटोपला की बायबल वाचतो, असं किती वर्षं म्हणायचं?

धुऱ्यावरचा (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

सगळ्यांना सलाम.

सात एकर शेती, त्यातलं दोन एकर विहिरीच्या ओलिताचं. वय ५१. आमची ख्रिस्ती मंडळी पंचवीसेक घरांची, पाळकसाहेब महिन्यातून दोन रविवार येतात. प्रश्न साधाच आहे, पण मंडळीत विचारायची लाज वाटते म्हणून इथे विचारतो. तुम्ही लोक बायबल वाचायला वेळ कुठून काढता?

मोठा भाऊ एसटीत कंडक्टर होता. त्याचं एकच पालुपद: "रिटायर झालो की उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एका दमात वाचतो." मे महिन्यात रिटायर झाला आणि पोळ्याच्या दोन दिवस आधी गेला. हार्ट. पेटीत ठेवायला वहिनीने त्याचं बायबल काढून दिलं, बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं, लाल कडांचं. मी उघडून पाहिलं. लेवीयाच्या अकराव्या अध्यायापर्यंतची पानं सुटी आणि पुढची सगळी कडेला एकमेकांना चिकटलेली, नवं बायबल असतं तशी. खुणेला एसटीचं तिकीट. कोणते प्राणी खावे न् कोणते खाऊ नये, तिथेच थांबला होता बिचारा. मी ते पेटीत ठेवू दिलं नाही, घरी घेऊन आलो.

आता डिसेंबर लागला. तिकीट अजून तिथेच आहे.

पहाटे पाचला गोठा. सातला कापूस वेचणाऱ्या बाया आणायला दुसऱ्या गावी, कारण आपल्या गावात मजूर भेटत नाही. संध्याकाळी एकेकीचं गाठोडं काट्यावर चढवायचं, वहीत किलो लिहायचे. या आठवड्यात लाइन रात्रीची, म्हणजे जेवलो की हरभऱ्याला पाणी द्यायला शेतात. रानडुकरांची जागल वेगळीच. घरी येऊन पुस्तक उघडलं की दुसऱ्या ओवीला डोळे मिटतात.

घरची म्हणते, "मोबाइल पाह्यले वेळ भेटते न तुमाले." तेही खोटं नाही. कापसाचा भाव पाहायला म्हणून हातात घेतो अन् अर्धा तास कुठं जातो समजत नाही. पण भावाची ती चिकटलेली पानं डोळ्यापुढून हलत नाहीत. त्याच्यासारखंच माझंही झालं तर वर काय तोंड दाखवू?

निवृत्त मास्तर, अमरावती

भाऊ, सलाम. आधी ते लेवीय सोडा. नवशिक्याला लेवीयातून नेणं म्हणजे पहिलीच्या पोराला थेट दहावीचं गणित देणं.

हिशेब सांगतो, सवय आहे. सगळ्या बायबलचे अध्याय १,१८९. वर्षात संपवायचं तर रोज सव्वातीन, ते तुमच्या हंगामात जमायचं नाही. नव्या कराराचे अध्याय २६०. आठवड्याला पाच वाचले, दोन दिवस सुट्टी घेतली, तरी ५२ आठवड्यांत बरोबर २६० होतात. ना कमी ना जास्त. मी तीन वर्षं असंच करतोय.

वेळेचं म्हणाल तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार भेटला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत. सोबतच्या प्रवाशाने दिला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि तिथून त्यांना हलवेना. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. सांगायचा मुद्दा, त्यांनीही काही निवांत खोली शोधली नव्हती.

शिफ्टवाला_बुटीबोरी

मी ऐकतो. मराठी बायबलचं अ‍ॅप टाकलंय, कंपनीच्या बसमध्ये कानात. जाऊन येऊन दीड तास होतो, तेवढ्यात अख्खा मार्क संपतो, सोळाच अध्याय आहेत. खरं सांगू का, वंशावळी लागली की झोपतो. उठतो तेव्हा कोणीतरी मेलेलं असतं आणि त्याचा मुलगा राज्य करत असतो.

दादा, जागलीत ऐकून पाहा. डुकरंही पळतील.

अचलपूरची आजी

मास्तर, तुमचा २६० चा हिशेब चांगला आहे, पण हजेरीपट वाटतो हो. राग मानू नका.

बाळा, माझ्या सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. स्तोत्र २३ आणि १२१ तेवढी तोंडपाठ. कापूस वेचताना ओळीच्या या टोकाला सुरुवात करायच्या, त्या टोकाला जाईपर्यंत संपायचं, मग वळून दुसरं. त्यांना कोणी विचारलं नाही की पूर्ण बायबल झालं का म्हणून. चिकटलेल्या पानांचा हिशेब देव मागेल असं मला नाही वाटत. तुझ्या भावाला किती आठवतं, हे तू विचारलंच नव्हतंस ना कधी?

आणि एक विचारते. मार्था घरकामात होती आणि तिची बहीण मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली, चांगलं केलं, सगळे पाळक तेच सांगतात. पण त्या दिवशी सगळ्यांनी काय खाल्लं, हे काही कोणी सांगत नाही. तू तुझ्या वेळेचं एवढं मोठं लिहिलंस. तुझ्या घरचीला वाचायला वेळ मिळतो का?

धुऱ्यावरचा (आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा.

आजी, तुमचं वाचून त्याच रात्री तिला विचारलं. म्हणाली, "मले दिसतच नाही बारीक अक्षर. चार वर्षं झाले." चार वर्षं! उपासनेत ती पुस्तक उघडून बसायची, मला वाटायचं वाचते. स्तोत्रं पाठ होती म्हणून निभावत होतं. चष्म्याचा नंबर पुढच्या बाजाराच्या दिवशी काढू.

तोवर ती पोळ्या टाकते तेव्हा मी चुलीपाशी बसून मोठ्याने वाचतो. भावाच्याच बायबलातून, लूकपासून. लाइन रात्रीची असली तरी जेवणाआधी तेवढं होतं. दर दोन पानांनी थांबावं लागतं, नखाने कड सोडवली की टर्र आवाज होतो. ती म्हणते, "सावकाश, फाटन."

काल बारावा अध्याय होता. चुलीच्या खोलीला लागूनच कापसाची खोली, आढ्यापर्यंत भरलेली. भाव वाढायची वाट पाहतोय. पाठ टेकली की अंगाला खाज सुटते. तिथे बसून मी वाचलं, त्या माणसाचं पीक अमाप आलं, तो म्हणाला कोठारं मोडून मोठी बांधतो, आणि देव म्हणाला, मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागतील. वाचता वाचता आवाज बसला माझा.

तिने पोळी उलटली. म्हणाली, "सहा क्विंटल तरी काढा आता. दुकानदाराचे पैसे राह्यले."

मी म्हटलं, थोडा भाव वाढू दे.

"त्यानंही हेच म्हटलं अशीन," ती म्हणाली.

सोमवारी गाडी सांगितली आहे. मास्तर, आज तेरावा.