बागेतील चिऱ्याच्या खोलीला दाराची चौकट पक्की कशी बसवावी?

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या आंब्याच्या बागेत, समुद्रापासून साधारण एक किलोमीटरवर, फवारणी पंप, ग्रासकटर आणि अवजारे ठेवण्यासाठी १० बाय ८ फुटांची जांभ्या चिऱ्याची खोली बांधायची आहे. बागेत वीज नाही आणि रात्री कोणी राहत नाही, त्यामुळे खोली मजबूत असण्याइतकीच ती सहज फोडता न येणे महत्त्वाचे आहे.

यापूर्वीची पत्र्याची खोली खाऱ्या वाऱ्याने गंजली. कोयंड्याचे स्क्रू पत्र्यासकट उपटून चोरट्यांनी पंप नेला. कोयंडा वेल्डिंगने पुन्हा बसवून घेतला, पण एका पावसाळ्यात सांध्याची पापुद्रे सुटून चाळण झाली.

जोते दोन फूट उंच, खिडकीऐवजी जाळीचे झरोके आणि वर काँक्रीटचा स्लॅब, एवढे ठरले आहे. अडचण चौकटीची आहे. चिरा सच्छिद्र असल्याने त्यात ठोकलेले बोल्ट कालांतराने सैल होतात, हे घराच्या फाटकाबाबत मी अनुभवले आहे. गवंडी म्हणतात, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) चिऱ्यांच्या सांध्यात सिमेंटने भरले की पुरे. मला मात्र दाराच्या दोन्ही बाजूंना सळ्यांचे काँक्रीट खांब ओतून त्यातच होल्डफास्ट पक्के करावेत असे वाटते.

काम दिवाळीनंतर सुरू करायचे आहे. किनाऱ्यालगत असे बांधकाम केलेल्यांनी कृपया सांगावे: हे खांब खरोखर आवश्यक आहेत का, आणि होल्डफास्ट व बिजागऱ्या गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) चालतील की स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात?